ताईचा समुद्र आणि माझा चहा

काच पुसायला मला कुणीही सांगितलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या घरी गेलो की माझ्या अंगात कर्तबगारी संचारते. भावोजी शाई आणायला गेले होते. तेवढ्यात मी त्यांच्या छपाईच्या खोलीतली फ्रेम उतरवली, चित्र बाहेर काढून टेबलावर ठेवलं आणि काच पुसू लागलो. पुसता पुसता कोपर मागे गेलं. कोपरामागे चहाचा कप होता, काठोकाठ भरलेला. मीच केलेला चहा मलाही पिववला नव्हता.

चित्र समुद्रकिनाऱ्याचं. लख्ख ऊन, पालथ्या होड्या आणि चपला हातात घेऊन पाण्याकडे निघालेली, बोटाच्या पेराएवढी एक पाठमोरी बाई. ती माझी ताई. चित्र तिचंच, आणि स्वतःला त्यात घुसवलंही तिनेच. "पाठमोरी काढली की नाकाची भानगड नाही," म्हणायची. फोटोत ती कधी धड आलीच नाही, नेमके डोळे मिटायची. ताईला जाऊन वर्ष झालं होतं. चहाने होड्या सोडल्या आणि थेट तिला गाठलं. मी घाईघाईने फडकं फिरवलं, तर ओल्या कागदाचा पापुद्राच निघाला. ती त्या पापुद्र्यावर होती.

भावोजींनी जन्मभर एकच काम केलं. चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रबरी पट्टीने शाई ओढायची, एका रंगाला एक जाळी. पाट्या छापल्या, पिशव्या छापल्या आणि एकदाच, ताईच्या हट्टापायी, हे चित्र. मोजक्याच प्रती, प्रत्येकीवर नंबर. पिवळ्या रंगावरून दोघांत अबोला झाला होता, कारण ताई म्हणाली, "हे ऊन नाही, कावीळ आहे." शेवटी ऊन जमलं. प्रती पुऱ्या झाल्यावर धंद्याच्या रीतीप्रमाणे जाळ्या पात्याने फाडल्या, पुढे कुणी चोरून जास्तीची काढू नये म्हणून. नंबराबाहेरची एक प्रत छापणाऱ्याची. ती ही.

ताई गेल्यावर त्यांनी काम बंदच केलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा पिशव्यांची ऑर्डर घेतली होती. त्याच आनंदात मी चहा टाकला होता.

भावोजी आले. चित्र पाहिलं. हातातला डबा फळीवर ठेवला आणि खुर्चीत बसले.

"भावोजी, चार शिव्या तरी घाला."

"कशाला? चहा तू शिव्यांनी केला होतास का?"

"दुसरी प्रत शोधतो ना! ते दातांचे डॉक्टर, त्यांच्याकडे होती."

"त्यांनी दवाखाना विकला. भिंतीसकट."

"मग जाळ्या? एखादी तरी राहिली असेल."

 त्यांनी उठून कपाटामागून एक चौकट ओढून काढली. जाळी शाबूत होती. मी जवळजवळ नाचलोच.

"पिवळी," ते म्हणाले. "हिच्यात आकारच नाही कसला, म्हणून तेव्हा फाडली नाही."

पिवळ्या शाईवर साय धरली होती. ती बाजूला सारून त्यांनी कोरा कागद लावला. मग शाई ओतून पट्टी ओढली. वर्षभरात मी त्यांना पहिल्यांदाच काही छापताना पाहत होतो. वाटलं, चला, निदान माणूस कामाला लागला.

त्यांनी जाळी उचलली. कागदावर पिवळे पट्टे उमटले होते, जिथे वाळू असायची तिथे, जिथे लाटांचे काठ चमकायचे तिथे. पाणी नाही, होडी नाही. ती जिथे चालायची तिथेही सगळीकडे तेच पिवळं. ताईने नावं ठेवायला जागा नव्हती, इतकं हुबेहूब ऊन.

मला गप्प राहता येत नाही, हा माझा आजार जुना आहे. म्हणालो, "ऊन तरी राहिलं की, भावोजी!"

कागदावरची नजर न काढता ते म्हणाले, "नुसतं ऊन घेऊन काय चाटू?"