धोंडबा मिस्त्री आणि उमरेडची फियाट

धोंडबा मिस्त्रीला गाड्यांची किळस कधी आली नाही. किळस यायची ती गाडीवाल्यांची. लकडगंजातल्या लाकडाच्या वखारींना लागून त्याची टिनाची शेड होती आणि तिथं बसून चाळीस वर्षं त्यानं लोकांची घाण उपसली होती. "गाडी मरत नाही गा, मालक मारते," असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा आणि वर दोन कचकचीत शिव्याही हासडायचा. हाताला गुण होता म्हणून लोक शिव्या खाऊनही परत येत.

मे महिन्यात उमरेडहून ट्रकवर लादून एक फियाट आली. धोंडबानं ती लांबूनच ओळखली. डॉक्टरसाहेबांची गाडी! ते हयात असताना हिचं इंजिन त्यानं स्वतः या शेडमध्ये बांधलं होतं. डॉक्टर गेले आणि गाडी घरामागच्या पडवीत गेली, ती बावीस वर्षं तिथंच होती.

दार उघडलं आणि धोंडबा दोन पावलं मागं सरला. मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. त्यांच्या मुताचा उग्र दर्प नाकातून थेट डोक्यात गेला. गाद्यांच्या कापसात पिल्लांची वाळकी कातडी, लेंड्या, पालीची अंडी. टाकीतल्या पेट्रोलचा काळा काढा झाला होता. आणि स्टिअरिंगवर, ज्या जागी डॉक्टरांचे स्वच्छ हात असायचे तिथं, कुण्या हरामखोरानं खर्रा खाऊन पिचकारी मारली होती.

"भाऊ, तुमच्या घरी माणसं राहतात का डुकरं?" त्यानं डॉक्टरांच्या मुलाला विचारलं.

मुलगा, शरच्चंद्र, पन्नाशीचा, नागपुरात सिमेंटची एजन्सी चालवणारा. ओशाळून म्हणाला, "मी इकडं राहतो ना मिस्त्री. गाडीकडं आईच पाहे." मग मुद्द्यावर आला. तीन आठवड्यांनी त्याच्या मुलीचं, मिनलचं, लग्न होतं आणि आजोबांच्या गाडीतून सासरी जायचं असा तिचा हट्ट होता. "रविवारपर्यंत इंजिन चालू झालं तर ठीक. नाहीतर सोमवारी व्हॅनचं इंजिन बसवून घेतो. जुनं जाऊ द्या भंगारात."

धोंडबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण बांधलेलं इंजिन भंगारवाल्याच्या ठेल्यावर आणि त्या जागी व्हॅनचं? त्यापेक्षा गाडी जाळा म्हणावं! त्यानं हातात पाने घेतले आणि कामाला लागला.

इंजिन जाम होतं. तसूभर हलत नव्हतं. गंज असणार, दुसरं काय, असं म्हणून गुरुवारी त्यानं इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं आणि पाहतच राहिला. गंज नावालाही नव्हता. चारही पिस्टनवर पिवळट तपकिरी, काचेसारखा कडक थर होता. नखानं खरवडेना. त्यानं वाकून वास घेतला. हा वास तर रोजचाच होता. समोरच्या वखारीत चौकटींना अलसीचं तेल चोळत तेव्हा येणारा. अलसी म्हणजे आपलं जवस. चोळलं की चार दिवसांत लाकडावर वाळून टणक होणारं.

इंजिनात जवसाचं तेल! धोंडबानं शेजारच्या वखारवाल्यालाही बोलावून दाखवलं. "पाहा, पाहा लोकांची अक्कल! फोडणी देत होते का गा इंजिनाले? कोण्या गाढवानं केलं असंन हे?"

गाढव शुक्रवारी सापडलं. डॉक्टरांच्या पत्नी इंदुताई उमरेडच्या बसनं आल्या. वय ब्याऐंशी, पाठीत वाकलेल्या, हातात डबा. मिस्त्रीसाठी त्यांनी झुणका-भाकर आणली होती. उघड्या इंजिनाकडं पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"एक बी दसरा चुकवला नाही मी, मिस्त्री. डॉक्टर गेल्यावर तुम्हीच सांगितलं होतं ना? दसऱ्याच्या दसऱ्याले प्लग काढून तेल सोडत जा, इंजिन गंजणार नाही, म्हणून. पाना घेऊन मीच काढो चारही प्लग. पूजा करून चार-चार चमचे सोडो. अन् दुकानचं नाही बरं. तेलघाणीवरचं, ताजं."

धोंडबानं तोंडाशी नेलेला भाकरीचा घास परत डब्यात ठेवला.

त्याला आठवलं. सुतकातून उठलेली ही बाई शेडच्या दारात उभी होती. त्याच्या तोंडात खर्रा होता आणि दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तिच्याकडं धड न पाहताच त्यानं दोन वाक्यं फेकली होती. तेल सोडा. कोणतं तेल, ते सांगायला तोंडातला खर्रा थुंकावा लागला असता. ज्या घरात तेल म्हणजे जवसाचं, तिथं ती बाई दुसरं काय ओतणार होती?

त्याला स्वतःची अशी शिसारी आली की उंदरांचा संसार बरा. पण तो गप्प बसला. भाकर कशीबशी गिळली.

पुढचे दोन दिवस त्यानं वेड्यासारखं काम केलं. पिस्टनवर थिनर आणि रॉकेल ओतून ठेवलं, पितळी पट्टीनं थर खरवडला, वखारीतून सागाचा ठोकळा आणून हलक्या हातानं ठोकत राहिला. शनिवारी दुपारी इंजिन केसभर हललं. रविवारी सकाळी त्यानं सगळं जोडलं, बाहेरून डब्यातलं पेट्रोल दिलं आणि चावी फिरवली. इंजिन खोकलं, धुराचा लोट सोडला आणि चालू झालं. वखारीतली माणसं धावत आली. पहिली चक्कर इंदुताईंनी मारायची असं ठरलं होतं. त्या नवं लुगडं नेसून तयारच होत्या.

शरच्चंद्रनं भर लोकांत धोंडबाचे हात धरले. "तुमच्या एका सल्ल्यानं गाडी वाचली, मिस्त्री! आई तेल घालत गेली म्हणून."

धोंडबानं मान खाली घातली. हे खपून जाईल, असं त्याला वाटलं. म्हातारी खूश, पोरगा खूश, कशाला उकरायचं?

तेवढ्यात इंदुताईंनी विचारलं, "मग आता येत्या दसऱ्याले बी सोडू ना तेल?"

हो म्हणावं, तर इंजिन पुन्हा मरणार. धोंडबानं इंजिनाकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"नाही बाई. सोडू नका. त्या तेलानंच जाम झालं होतं ते. जवसाचं तेल वाळते. मशीनचं तेल सांगाचं होतं मले, अन् मी नाही सांगितलं. चूक माही आहे. परवाच समजलं होतं, पण तोंड उघडलं नाही मी."

इंजिन चालूच होतं. इंदुताई आपल्या हातांकडं पाहत राहिल्या.

"बावीस दसरे, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "अन् मले वाटे, मी डॉक्टरांची गाडी जपून राहिली."

शरच्चंद्रनं गाडीचं दार उघडून धरलं. त्या बसल्या नाहीत. पदर सावरत रस्त्याच्या कडेला गेल्या आणि बसस्टँडला जायला ऑटो थांबवला.