बारववस्तीची हजेरी

मुलगा बन्सी यायच्या आधीच अग्नी द्यावा लागला. तो कोल्हापूरकडच्या उसाच्या फडातून निघाला होता, गाड्या बदलत येत होता, आणि इकडं सूर्यभानआबांना आणखी ठेवणं शक्य नव्हतं. थंडी होती म्हणून एवढं तरी निभावलं. ते घरात कधीपासून पडून होते, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पोलीस पाटील येऊन बघून गेले, वयच झालं होतं म्हणाले. पुतण्या रामहरीनं पुढं होऊन मडकं धरलं.

दमयंतीबाई क्षीरसागर बारवेच्या कठड्यापाशी, वस्तीतल्या बायकांपासून जराशा अंतरावर उभ्या होत्या. कुणी त्यांना दूर उभं केलं नव्हतं. पण आज कुणी जवळही बोलावलं नव्हतं.

बारववस्ती पाथर्डीच्या पुढं, गर्भगिरीच्या उतारावर आहे. दसरा झाला की इथली हातापायांनी धड माणसं ऊसतोडीला जातात. मागं म्हातारी माणसं, शेरडं आणि कुलपं उरतात. नगरच्या एका खासगी विद्यापीठात दमयंतीबाई समाजशास्त्र शिकवत आणि तिथल्या ग्रामसहयोग केंद्राच्या प्रमुख होत्या. त्यांचे वडील, नारायणराव, कोर्टात कारकून. खेड्यांतली माणसं त्यांच्या टेबलासमोर अदबीनं उभी राहायची आणि काम झालं की एसटी गाठायची. त्यातल्या एकाच्याही गावाला वडील कधी गेले नाहीत. आपण जायचं, हे दमयंतीबाईंनी बहुधा लहानपणीच ठरवलं असावं.

पहिल्यांदा त्या विद्यार्थ्यांना घेऊन वस्तीवर आल्या, तेव्हा सूर्यभानआबांच्या समोरच्या घरातल्या भागूबाईनं दारातच अडवलं होतं.

"परत सर्वे का? मागल्या साली एक आल्ते, त्याच्या मागल्या साली एक. मॅडम, ऊस नेनारे निदान शेंड्याचं हिरवं वाढं तरी आमाला सोडत्यात जनावरास्नी. तुमी तर वाढ्यासकट नेता!"

सगळे हसले. दमयंतीबाईही हसल्या, पण ते वाक्य त्यांच्यात रुतून बसलं. पुढच्या वेळी त्या प्रश्नावली न घेता आल्या. बायकांमध्ये बसून विचारलं, "आमच्या मुलांनी इथं काय करावं, ते तुम्हीच सांगा."

"डोळं चुरचुरत्यात चुलीनं," भागूबाई म्हणाली. "त्याचं काही बघा."

विद्यार्थ्यांनी वर्षभर तहसील आणि गॅस एजन्सी यांच्या पायऱ्या झिजवल्या. घरोघर शेगड्या आल्या. दुसरी मागणी सूर्यभानआबांची. त्यांचा मुलगा सून-नातवंडांना घेऊन तोडीला जायचा आणि घरात ते एकटे असायचे. "सकाळचं कुनी नुसता आवाज दिला तरी बास हाय," ते म्हणाले होते. मग केंद्राकडून साधे मोबाईल आले आणि विद्यार्थी वाटून घेतलेल्या म्हाताऱ्यांना रोज सकाळी फोन करू लागले. आबा सुकन्याच्या वाट्याला आले. एम.ए.च्या पहिल्या वर्षाची मुलगी, बोलायला तिखट.

"आबा, रामराम! हजेरी!"

"हाय गं बाई, मेलो न्हाई अजून. लाव हजेरी."

"गोळी घेतली का?"

"तू काय माजी सासू हायेस?"

हे संभाषण केंद्रात सगळ्यांना पाठ होतं. दमयंतीबाई ते परिषदांमध्ये सांगत. संशोधन करून निघून जाणाऱ्यांतले आपण नाही, असं त्या म्हणत तेव्हा त्यांना आबांचा तो खरखरीत आवाज ऐकू येई आणि आपण खरं बोलतो आहोत असं वाटे.

या सगळ्यात एक गोष्ट गेली, ती कुणाच्या ध्यानात आली नाही. पूर्वी तोडीच्या दिवसांत सकाळी चूल पेटवली की बाई दारात येऊन समोरच्या छपराकडं बघायची. धूर निघाला असेल तर घरातलं माणूस उठलंय. नसेल तर हाक. हाकेला ओ आली नाही तर जाऊन कडी वाजवायची. या रीतीला नाव नव्हतं, ती कुणी कुणाला शिकवलीही नव्हती. शेगड्या आल्या, डोळे निवले, छपरं स्वच्छ झाली. वर बघायचं कारणच उरलं नाही. आणि फोन तर येतच होता.

यंदा विद्यापीठाच्या परीक्षा लांबून थंडीत आल्या. मुलांची ओढाताण होऊ नये म्हणून दमयंतीबाईंनीच सांगितलं, "तुम्ही पेपर द्या. तोवर फोन मी करते." पहिले काही दिवस त्यांनी सगळ्यांना फोन केले. आबा म्हणाले होते, "आज मास्तरीनबाईच? पोरगी नापास झाली का काय?" मग विद्यापीठाच्या मूल्यांकनाची समिती आली. सभागृह, फलक, पाहुण्यांची जेवणं, ग्रामसहयोग केंद्राचं सादरीकरण. पडद्यावर बारववस्तीचे फोटो होते आणि आबांचाही एक होता, कानाला मोबाईल लावलेला. समितीतल्या एका बाईंचे डोळे पाणावले. त्या आठवड्यात दमयंतीबाईंनी वस्तीवर एकही फोन केला नाही. रोज रात्री आठवायचं. उद्या करू, असं वाटायचं. दोन-चार दिवसांनी काय होतंय.

रामहरी पाथर्डीहून काकाच्या गोळ्या घेऊन आला, तेव्हा दार आतून बंद होतं.

बन्सी उन्हं कलताना आला. पायांत चिखल वाळलेले बूट, हातात काही नाही. निवत आलेल्या चितेपाशी तो बराच वेळ उकिडवा बसला. रडला नाही. मग उठून रामहरीजवळ आला.

"कवा गेले आबा?"

रामहरीनं विझत आलेलं एक लाकूड आत सारलं.

"आरं, तिथी तर सांगा. वर्साला पान वाढायचं तर कोनत्या तिथीला वाढू मी?"

रामहरी दमयंतीबाईंकडं वळला. "मॅडमला म्हाईत असंल की. ह्यांचा रोज फोन असतोय. मॅडम, शेवटचं कवा बोलले काका?" आणि लगेच आवाज उतरवून, "शुक्रवारी का? शुक्रवारी एकादशी हुती. एकादशीला गेले असतील तर सोनं झालं म्हना!"

बन्सीनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. एकादशीचं मरण मागून मिळत नाही. तो तेवढं घेऊन परत फडात जाणार होता.

नुसती मान हलवायची होती. दमयंतीबाईंना ते स्वच्छ दिसलं. कुणी पडताळून बघणार नव्हतं. मुलाला तिथी मिळाली असती, वस्तीला समाधान, आणि त्यांना या दारात पुन्हा येता आलं असतं. बाई होय म्हणाल्या तर इथली माणसं ते खरंच मानणार होती. एवढा विश्वास त्यांनी स्वतःच, एकेक खेप करून, कमावला होता.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी फोन केला नव्हता. त्याच्या आधीही नाही. आठवडाभर नाही. मुलांची परीक्षा होती, फोन माझ्याकडं होते. मी केले नाहीत."



बन्सीला आधी समजलंच नसावं. "म्हंजी, फोन लागला न्हाई?"

"लावलाच नाही."

"मी शनवारी लावला हुता," बन्सी सावकाश म्हणाला. "बंद लागला. म्हनलं, चार्जिंग उतरलं असंल. त्या पोरी बोलत असतील की." तो भागूबाईकडं वळला. "काकू, दरसाली जाताना तुला सांगून जायचो ना, आबाकडं ध्यान ठेव म्हनून? यंदा तुला म्हनलोबी न्हाई. म्हनलं, आता फोन हाय."

भागूबाईनं पदर तोंडाशी नेला. "दार बंद दिसलं रं मला. दिसलं. वाटलं, मॅडमच्या गाडीतनं दवाखान्यात नेलं असंल. गेल्या म्हैन्यात नेलं हुतं तसं. चार पावलावर हुते रं मी."

"मग तिकडं मी निवांत झोपत हुतो ते कशाच्या जिवावर?" बन्सीनं विचारलं. हे त्यानं नेमकं कुणाला विचारलं, ते कळलं नाही.

रामहरी खाकरला. "सर्वपित्रीला वाढ पान. तिथी म्हाईत नसली की अमुशा धरत्यात." आणि दमयंतीबाईंकडं न बघता म्हणाला, "गप बसला असता तरी चाललं असतं, मॅडम."

बन्सी घरात गेला. आला तो मोबाईल घेऊन. "खाटंखाली सापडला. तुमचा हाय." सावडणं उरकलं की त्याला निघायचं होतं. बायको-पोरं परमुलखात, फडावरच्या पाचटाच्या कोपीत होती.

दमयंतीबाई गाडीकडं निघाल्या. आता इथं परत यायचं नाही, हे त्यांनी मनाशी मान्य केलं होतं. दार उघडत होत्या तोच भागूबाई मागून आली. रडून चेहरा सुजला होता, पण आवाज पहिल्या दिवशीसारखाच कोरडा होता.

"उद्या फोन कराल का मला?"

दमयंतीबाईंनी उघडलेलं दार पुन्हा लावलं.

"आता समोरचं घर बंद पडनार. बन्सी गेला की कुलूप. शेजारच्या म्हातारीला दिसत न्हाई. मी हाक मारली तर ओ द्यायला बी कुनी न्हाई, आन मला हाक मारायलाबी न्हाई." तिनं पदर खोचला. "राग लई हाय मॅडम. पन फोन करा."

करंजी घाट उतरेपर्यंत अंधार पडला. घरी आल्यावर दमयंतीबाईंनी आबांचा मोबाईल कपाटावर ठेवला, मग उचलून चार्जिंगला लावला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मुलांना अजून काहीच कळवलं नव्हतं. शेवटचा पेपर होऊ दे, असं कुलसचिव म्हणाले होते.

सकाळी चहाचं आधण ठेवत असताना आबांचा मोबाईल वाजला. पडद्यावर नाव होतं: सुकन्या.

"आबा, रामराम! सुटले एकदाची पेपरातनं! हजेरी!"

दमयंतीबाईंनी गॅसकडं पाठ केली.

"आबा? रुसलात का? एवढे दिवस फोन न्हाई म्हनून? बोला की."

"सुकन्या, मी मॅडम बोलतेय."

"अय्या, मॅडम! एवढ्या सकाळी वस्तीवर? द्या ना आबांना. त्यांना सांगा, सासू आलीय."

चहाचं पाणी उकळून भांड्याबाहेर आलं, गॅस विझला. दमयंतीबाईंनी हात लांबवून बटण बंद केलं.

"आधी भागूबाईंना फोन लाव," त्या म्हणाल्या. "उचलेपर्यंत लावत राहा. त्यांचा आवाज स्वतःच्या कानानं ऐक, आणि मग मला फोन कर. मला तुला काही सांगायचंय."