अरविंदच्या गोष्टीतला दुकानदार

माझा जुना मित्र अरविंद गेल्याचं मला चौथ्या दिवशी एका गिऱ्हाइकाकडून कळलं. मुद्दामच कळवलं नसणार, असं मी धरून चाललो. चार वर्षं मी त्याच्या वारज्याच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. भांडण एका गोष्टीवरून झालं होतं.

कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर त्याने स्वारगेटजवळच्या माझ्या दुकानातून एक जुना कॉम्प्युटर नेला. घासाघीस केली नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मग सायबर कॅफेतून फ्लॉपीवर गोष्टी रचायचं सॉफ्टवेअर आणलं. या गोष्टींत चित्रं नसतात. पडद्यावर मजकूर येतो, 'तुम्ही एका दुकानात आहात', आणि पुढे काय करायचं ते वाचणाऱ्याने टाइप करायचं, रोमन अक्षरांत मराठी. आधी एक खोली, मग दार, मग कुलूप... असं तो रचत गेला. वाचणारा काय टाइप करेल ते आधीच ओळखून उत्तर लिहून ठेवावं लागे.

त्यासाठी दर रविवारी तो मला समोर बसवी. मी टाइप करी, 'चावी फुकट दे', 'दाराला लाथ मार'. तो प्रत्येक वाक्य वहीत उतरवून घेई, गालात हसत. हे हसणं मला खुपायचं. एका रविवारी गोष्टीतला दुकानदार म्हणाला, 'घ्यायचं नसेल तर हात लावू नका. पुढे दुकानं पुष्कळ आहेत.' गिऱ्हाइकांना मी ऐकवतो ते माझंच वाक्य, जसंच्या तसं.

"माझा तमाशा मांडलास?"

"अरे, तुझ्याइतकं वाकडं कोणी टाइप करत नाही. म्हणून तर तू लागतोस."

मी दार आपटून निघालो. त्याच्या घरून फोन आला तर मी नाही म्हणून सांगा, असं दुकानात बजावून ठेवलं.

भेटायला गेलो तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाल्या, "हे गेले त्याच सकाळी मी दुकानात फोन केला होता, भावोजी. शेठ नाहीत म्हणाले."

त्यांनी कॉम्प्युटरवर ती गोष्ट लावून दिली. मी टाइप केलं, 'दाराला लाथ मार'. 'दार भक्कम आहे. पायाचा विचार कर.' खोटारडा म्हटलं. 'असेन. चहा घे.' मी चाललो, म्हटलं. 'बस रे, रविवार आहे.' माझा एकेक राग त्याने ओळखून ठेवला होता, मी तिथे कधी न टाइप केलेलाही.

मग मी टाइप केलं, 'चुकलं माझं.'

'हे मला समजलं नाही.'

लिहिणाऱ्याने जे धरलंच नसेल ते वाक्य आलं की सॉफ्टवेअर एवढंच म्हणतं. वहिनी म्हणाल्या, कॉम्प्युटर घेऊन जा. नेला नाही. रविवारी जातो, तेच टाइप करतो...