पहिला बोर्ड

कमलिनीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. देवपूजेसाठी नाही, नळासाठीही नाही. चारला ती तोंड धुऊन कॉम्प्युटर लावायची. सहानंतर कुकर, मग आंघोळ, मग हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीची बस. बस पकडली की कारखान्याचं काम सुरू. त्याआधीच्या कामाचा तिला कोणी पगार देत नव्हतं.

आमचा कारखाना सर्किट बोर्ड बनवायचा. ती ड्रॉइंगला, मी ड्रिलिंगला. तिनं काढायचं, मी भोकं पाडायची. असं पुष्कळ वर्षं चाललं. म्हणून तिच्या कामाबद्दल इथं जे लिहितो ते ऐकीव नाही.

ती कामाला लागली तेव्हा ड्रॉइंगला कॉम्प्युटर नव्हता. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर पारदर्शक फिल्म. फिल्मवर काळी टेप चिकटवून विजेचे मार्ग आखायचे. आमच्याकडची पद्धत अशी, की चित्र तांब्याच्या बाजूनं काढायचं. रिले, कनेक्टर असे भाग बोर्डावर वरून बसतात आणि तांबं असतं खाली. म्हणजे चित्र पालथं. नव्या माणसाचा त्यात गोंधळ उडायचा. कमलिनीनं ते डोक्यात बसवलं आणि मग ते निघालं नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

दुसरी पद्धत पहिल्या बोर्डाची. नव्या डिझाइनचा पहिला बोर्ड ड्रिल झाला की मी तो तिच्या टेबलावर नेऊन ठेवायचो. ती डब्यांतून खरे भाग काढायची आणि एकेक हातानं भोकांत बसवून बघायची. एक जरी अडला तरी पुढचा सगळा लॉट थांबला. सगळे बसले की बोर्डाच्या कोपऱ्यावर खिळ्यानं एक रेघ ओढायची. रेघ नसली तर मी मशीन चालू करत नसे. सुपरवायझर ओरडला तरी नसे.

आपण काढलेलं परत येता कामा नये, एवढंच तिला हवं होतं. बढती तिनं मागितली नाही. माल परत आला तर मात्र दोन दिवस जेवणाचा डबा उघडायची नाही.

पुढं कॉम्प्युटर आले. मालक गुरुराजनं एक महागडा प्रोग्राम चोरून आणून बसवला. काही वर्षं सगळं सुरळीत चाललं, मग वकिलाची नोटीस आली. त्याच सुमारास साकेत नावाचा इंजिनिअर पुण्याहून आला होता. त्यानं सांगितलं, बोर्ड काढायचा एक प्रोग्राम जगभरातली माणसं मिळून लिहितात. फुकट मिळतो, आतलं सगळं उघडं असतं, चुकलं तर आपणही दुरुस्त करून द्यायचं.

"फुकट? मग लिहिणाऱ्याला काय मिळतं?" गुरुराजनं विचारलं.

"नाव मिळतं, सर."

"नाव? किराणावाला घेतो का ते?"

सगळे हसले. कमलिनीही हसली. पण प्रोग्राम शिकली तीच.

सुरुवातीला तो प्रोग्राम रडतखडत चालायचा. निम्मं काम झालं की बंद पडायचा. मध्येच एक रेघ, म्हणजे विजेचा मार्ग, घालायची म्हटलं तर बाकीच्या सगळ्या हातानं हलवाव्या लागायच्या. इतर कंटाळले. प्रोग्राम बंद पडला, की काय करताना पडला ते ती नीट लिहून तो बनवणाऱ्या लोकांना पाठवायची. साकेत तिचं इंग्रजी तपासून द्यायचा. दर वर्षी नवी आवृत्ती यायची आणि दर वर्षी प्रोग्राम सुधारायचा. एका वर्षी अशी आवृत्ती आली की एक रेघ ढकलली तर शेजारच्या रेघा आपोआप बाजूला सरकू लागल्या. तिनं मला मशीनवरून बोलावून दाखवलं.

"बघा अण्णा, ढकललं की सरकते. आपल्या बसमधल्या बायकांसारखी नाही."

मग तिनं फुटप्रिंट द्यायला सुरुवात केली. फुटप्रिंट म्हणजे भागाच्या पायांचा ठसा. किती पाय, किती अंतरावर, भोक केवढं. प्रोग्रामसोबत अशा ठशांचा साठा येतो, पण आपल्याकडचे रिले, आपल्याकडचे कनेक्टर त्यात नव्हते. ती एकेक भाग मोजायची, काढायची आणि पाठवायची. कुठल्या तरी थंड मुलखातला एक माणूस ते तपासायचा. रेघेची जाडी चुकली, परत. मध्यबिंदू सरकला, परत. तो जागा असायचा तेव्हा इथं पहाटेचे चार वाजलेले असायचे.

"बरा माणूस आहे," ती म्हणायची. "आपला सुपरवायझर नुसता ओरडतो. हा काय चुकलं ते सांगतो."

तिची मुलगी वल्लरी हेब्बाळच्याच मोठ्या आयटी कंपनीत. तिला हे पटायचं नाही. एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "अम्मा, आमच्याकडं ह्या कामाला तासाप्रमाणे पैसे देतात. तू सुम्ने, फुकट करत बसतेस."

"सुम्ने कसं? उद्या कोणी तोच रिले लावला तर त्याला मोजावं लागणार नाही."

"त्याला नाही लागणार. तुझा डावा डोळा गेला त्याचं काय?"

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं होतं. कारखान्यातून निघताना पैसे मिळतील तेव्हा करू, असं तिनं ठरवलं होतं.

नंतर प्रोग्राममध्ये तपासणी आली. दोन रेघा जवळ आल्या, भोक काठाला लागलं, की तो लाल खूण दाखवायचा. साकेत म्हणाला, "काकू, आपल्या कारखान्याचे नियम त्याला लिहून दिले तर? कमीत कमी अंतर किती, लहानात लहान भोक केवढं. मग गिऱ्हाईकच तपासून पाठवेल."

'काकू' म्हटलेलं तिला आवडत नसे. सगळा कारखाना तिला अक्का म्हणायचा. पण काम तिला पटलं. तिनं नियमांची फाइल लिहिली. त्यातला एकेक नियम वाया गेलेल्या मालातून शिकलेला होता.

मी तिला म्हटलं, "कमल, सगळं मशीनला सांगून टाकलंस, तर उद्या तुला कोण विचारील?"

"पहिला बोर्ड मशीन बसवणार आहे का अण्णा?"

मी मशीनकडं परत गेलो. उत्तर गुरुराजनं दिलं.

त्यानं ती फाइल सगळ्या गिऱ्हाइकांना वाटली. डिझाइनं तपासून येऊ लागली. लाल खुणा आधीच दूर केलेल्या. वर्षभरात तिच्या टेबलावर काम येईना. तेव्हा त्यानं तिला केबिनमध्ये बोलावलं. मीही तिथं होतो, ड्रिलची मागणी घेऊन गेलो होतो. त्यानं मला बाहेर जा म्हटलं नाही.

"अक्का, आता प्रोग्राम सगळं बघतो. खूप केलंत तुम्ही. विश्रांती घ्या, डोळ्याचं करून घ्या."

"पहिला बोर्ड कोण बसवणार?"

"भाग गिऱ्हाइकाकडं असतात, अक्का. बसवायचं ते बघतील. आपण भोकं पाडायची."

तो वाईट बोलला नाही. हिशेब चोख दिला. शाल दिली, फळांची करंडी दिली. साकेतनं भाषण केलं, त्यात 'योगदान' हा शब्द फार आला. दुसऱ्या आठवड्यात तिच्या टेबलाच्या जागी पाण्याचा कूलर बसला. भागांचे डबे स्टोअरमध्ये गेले. काही महिन्यांनी मीही निवृत्त झालो. तोपर्यंत रेघ नसलेल्या बोर्डांवर मशीन चालवत होतो. माझं कोणी ऐकत नव्हतं.

शेवटच्या महिन्यात तिनं एका कनेक्टरचा ठसा काढला होता. पायांच्या दोन ओळी, एक ओळ जरा सरकलेली, आणि एका टोकाला प्लास्टिकची खुंटी. खुंटीलाही बोर्डात भोक लागतं. नमुना आला नव्हता, फक्त बनवणाऱ्या कंपनीचं चित्र होतं, आणि ते कुठल्या बाजूनं बघितलेलं हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. तिनं मापं घेऊन काढला आणि पाठवला. थंड मुलखातल्या माणसानं अंतरं मोजली. बरोबर होती. साठ्यात गेला. पहिल्या बोर्डावर खरा भाग बसवून बघू, असं तिच्या मनात होतं. पहिला बोर्ड यायच्या आधी टेबल गेलं.

पुढच्या वर्षी एका गिऱ्हाइकानं दूध तपासायच्या यंत्राचे बोर्ड मागवले. गावोगावच्या डेअऱ्यांत लागतात ती यंत्रं. त्याच्या इंजिनिअरनं तो कनेक्टर साठ्यातून उचलला. तपासणीत एकही लाल खूण आली नाही. कारखान्यानं लॉट पाडला.

एका संध्याकाळी मी कमलिनीकडं कॉफीला गेलो होतो. साकेत आला. पिशवीतून एक बोर्ड आणि एक कनेक्टर काढून त्यानं तिच्यापुढं ठेवले.

"काकू, हा बसत नाहीये."

तिनं बोर्ड उजव्या डोळ्याजवळ धरला. कनेक्टर लावून बघितला. फिरवून लावला. खुंटी एकीकडं, भोक दुसरीकडं. मग तिनं बोर्ड उलटा केला आणि तांब्याच्या बाजूनं दाबला. कट्ट आवाज होऊन तो बसला.

"पालथा," ती म्हणाली.

"प्रोग्रामनं काहीच दाखवलं नाही काकू."

"अंतरं बरोबर आहेत. तो काय दाखवणार? प्रोग्राम वरून बघतो, मी खालून बघितलं. टेपच्या वेळेसारखं." मग तिनं विचारलं, "पहिला बोर्ड कोणी बसवला?"

साकेत बोर्ड पिशवीत भरू लागला.

"सगळा लॉट पाडलात? एकदम?"

"हो."

"अय्यो," एवढंच ती म्हणाली. कॉफी तशीच राहिली, तिचीही आणि माझीही.

चूक तिची होती. मी तिची बाजू घेत नाही. मोजणाऱ्यानं आपण कुठून बघतोय हे आधी ठरवलं पाहिजे. पण चूक धरायची जागा कारखान्यात होती, आणि तिथं कूलर होता.

गिऱ्हाइकानं माल परत केला. गुरुराजनं त्याला फोनवर सांगितलं, आमच्या जुन्या बाई होत्या, डोळे गेले होते, त्यांच्याकडून चुकलं. हे फिरत फिरत तिच्यापर्यंत आलं. ती मला म्हणाली, "डोळ्यानं नाही चुकलं अण्णा. हाताच्या सवयीनं चुकलं. माझी चूकसुद्धा नीट सांगत नाहीत."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं फुटप्रिंट सुलटा करून पाठवला. नवी आवृत्ती आली तेव्हा सोबतच्या बदलांच्या टिपणात एक ओळ होती: अमुक कनेक्टर उलटा होता, दुरुस्त केला. पुढं तिचं नाव. इतकी वर्षं तिनं दिलेलं सगळं 'नवे फुटप्रिंट' या दोन शब्दांत गेलं होतं. नाव आलं ते इथं.

वल्लरीनं ते फोनवर वाचून दाखवलं. "आलं बघ अम्मा, नाव. साकेत म्हणाला होता ना, नाव मिळतं."

कमलिनी हसली नाही. तिला दुसरंच लागलं होतं. कारखान्यात वापरलेले भाग तिनं पहिल्या बोर्डावर बसवून बघितलेले होते. पण कारखान्यात कधीच न आलेले, दुसऱ्या कोणाला लागतील म्हणून नुसत्या चित्रावरून काढलेले, तेही बरेच होते. त्यातले किती पालथे? कोण कुठं त्यावर लॉट पाडत असेल?

"लिहून टाक, माझे सगळे काढून टाका म्हणून," वल्लरी म्हणाली.

"आणि जे बरोबर आहेत ते?"

तिनं ते सगळे ठसे ओळीनं मोठ्या बोर्डांच्या ड्रॉइंगवर मांडले. बंगळूरच्या बाजारातून एकेक खरा भाग मागवला. बोर्ड बाहेरून स्वस्तात झाले असते, वल्लरीनं तसं सांगितलंही. ती ऐकेना. आमच्या कारखान्याची भोकं तिला ठाऊक होती. भाग अडला तर ड्रिल चुकलं की ड्रॉइंग, हे तिथल्याच बोर्डावर कळणार होतं. म्हणून तिनं गुरुराजच्या काउंटरवर ऑर्डर दिली. काउंटरवरच्या मुलीनं तिला ओळखलं नाही. गिऱ्हाइकाचा भाव लावला आणि सगळी रक्कम आगाऊ घेतली. गुरुराज केबिनमध्येच होता. काचेतून त्यानं नमस्कार केला.

बोर्ड आले त्या रविवारी तिनं मला बोलावलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही बसलो. मी डबीतून भाग काढून द्यायचो, ती बसवायची. मधूनच डावा डोळा पुसायची. बसला की ठशाशेजारी खिळ्यानं रेघ ओढायची. बहुतेक बसले. तीन बसले नाहीत. तिन्ही पालथे.

"हे तीन आजच लिहिते त्यांना," ती म्हणाली.

"डोळ्याचं कधी?" मी विचारलं.

"बघू."

बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. निघताना मिळालेले पैसे तिनं डोळ्यासाठी वेगळे ठेवले होते. ते या बोर्डांना आणि डबीभर भागांना गेले. ज्या गल्ल्यातून आले होते, बरेचसे त्याच गल्ल्यात.