शिंपीणबाईंच्या मागच्या दारी

शिंपीणबाईंची धाकटी बहीण गेली, तेव्हापासून त्यांच्या घरात शिलाई मशीनशिवाय दुसरा आवाज उरला नव्हता. मागच्या दारी जुन्या पत्र्यांखाली एक मांजरी व्याली आणि पिल्लं पुरती मोठी व्हायच्या आत स्वतः कुठंतरी नाहीशी झाली. बाई पिल्लांना दूध ठेवायच्या. पण त्यांची चाहूल लागली, की पिल्लं पत्र्याखाली पसार व्हायची.

"तुम्ही टक लावून बघता, म्हणून बिचकतात ती," शेजारचे न्हावीकाका भिंतीवरून म्हणाले. "त्यांच्याकडे पाठ करून बसा. आपलं काम करा."

बाई पायरीवर पाठ करून बसू लागल्या. हातात एखाद्या कोटाचं अस्तर असायचं. नुसतं गप्प बसवेना, म्हणून त्या पिल्लांशी बोलायला लागल्या. कुठलं गिऱ्हाईक जाड झालं, कुणाची बाही उसवली, हे सगळं पूर्वी त्या बहिणीला सांगायच्या.

एका रविवारी मांडीवरचं अस्तर किंचित ओढलं गेलं. करडं पिल्लू त्याच्या टोकावर अंग मुडपून बसलं होतं. तेवढ्यात आत फोन वाजला. परगावच्या लेकीचा तो आठवड्यातला एकुलता एक फोन. बाई उठल्या नाहीत. फोन वाजून वाजून थांबला.

पिल्लू आपण होऊन गेल्यावर त्यांनीच लेकीला फोन लावला.

"कुठं होतीस गं आई? जीव टांगणीला लागला माझा!"

"घरी पाहुणे आले होते."

"तुझ्याकडे? कोण?"

"अजून नीट ओळख व्हायचीय," बाई म्हणाल्या.