पेनबुईचं नाक

माझी भावजय हुनेरो आणि मी, आमचं कधी पटलं नाही हे आधीच सांगून टाकते. ती बीअर आंबट करायची, कांदा करपवायची, आणि वर कुणी काही बोललं की अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं भांडायची. मागावर मात्र तिचा हात असा चालायचा, की तिच्या कापडाला नावं ठेवायची माझीसुद्धा टाप नव्हती. माझा भाऊ पेनबुई तिच्यापुढे नुसता हसत बसायचा. त्याला ती तशीच आवडायची, आता काय बोलणार.

आमचं गाव नदीच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत. राजांची थडगी खोदणाऱ्यांचं गाव. पेनबुई दगड घडवायचा. आमच्याकडे पुतळे घडवणाऱ्याला ‘जगवणारा’ म्हणतात, आणि ते कौतुकानं ठेवलेलं नाव नाही, त्या कामाचंच नाव आहे. माणूस गेला, की त्याचा जीव पुतळ्यात येऊन बसतो, पुढ्यातलं खातो, नाकानं वारा घेतो. पेनबुईनं स्वतःचाही एक घडवला, गुडघ्यांवर बसलेला. पुजाऱ्यानं लाकूड तासायचा वाकस त्याच्या ओठांना लावून, खाण्या-श्वासासाठी मंत्रानं तोंड उघडलं, आणि हाथोर देवीच्या अंगणात तो जाऊन बसला.

पुढे नदीत दगडांची होडी उलटली. बाकीचे सापडले, पेनबुई सापडला नाही. देहच नाही, मग लेप कशाला लावायचा आणि थडग्यात ठेवायचं काय? जगात त्याला राहायला तेवढी एकच जागा उरली. हुनेरो रोज सकाळी पुतळ्यापुढे भाकर ठेवायची आणि नाव घेऊन हाक मारायची, कारण नावावाचून मेलेल्याला काही पोचत नाही. हाकेबरोबर दोन शिव्याही असायच्या. सोडून गेला म्हणून तिचा राग होता त्याच्यावर.

आणि मग मोठ्या देवळाच्या कोठाराचा कारभारी अमेनवाह आला. त्याला पुतळा आवडला.

“दगड देवळाचा आहे,” तो म्हणाला. “तुझ्या नवऱ्यानं कोठारातून उचललेला.”

धडधडीत खोटं. जुन्या कारभाऱ्यानं तो तुकडा सगळ्यांदेखत पेनबुईला दिला होता. पण जुना कारभारी मेलेला, आणि ज्यांनी पाहिलं त्यांच्या तोंडाला कुलूप. अमेनवाहनं नाखीला बोलावलं. नाखी पेनबुईच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं माझ्या भावाचं नाव तासून काढलं आणि तिथे अमेनवाहचं कोरलं. चेहरा तसाच ठेवला. तोंड एकदा उघडलेलं आहे, मग पुन्हा पुजारी कशाला, असा कारभाऱ्याचा विचार. मोठी माणसं हे सर्रास करतात. राजेसुद्धा आपल्या वाडवडलांच्या पुतळ्यांवर स्वतःची नावं घालतात, मग आमच्यासारख्यांना कोण विचारतो? गावातले पुरुष मान खाली घालून घरी गेले.

हुनेरोनं नाखीला पाण्याच्या रांजणापाशी गाठलं.

“काय रे, तुझ्या धंद्याला काय म्हणतात?”

“वहिनी, मलाही लेकरंबाळं आहेत.”

“ते नाही विचारलं. काय म्हणतात?”

“जगवणारा,” तो पुटपुटला.

“मग माझ्या माणसाला मारलंस कसं? नदीनं मारला तेवढं पुरलं नाही तुम्हाला?”

नाखी ढसाढसा रडला. ती तिथून तडक निघाली आणि मला म्हणाली, “वन्सं, रडणाऱ्यांचा मला काही उपयोग नाही.”

खोऱ्याच्या सणाला आम्ही सगळे आपापल्या मेलेल्यांसोबत जेवतो. देवळाचं अंगण गच्च भरलं होतं. अमेनवाह पांढऱ्या शुभ्र कपड्यात आला, मागे दोन पहारेकरी. ‘आपल्या’ पुतळ्यापुढे धूप जाळायला. पाहतो तर पुतळ्याशेजारी हुनेरो उभी, हातात काळ्या दगडाचा गोळा. कठीण दगड ठेचायला आमची माणसं वापरतात तो.

“बाजूला हो, बाई.”

“होते की. हा कोण बसलाय ते सांगा, मग होते.”

“मी. नाव दिसत नाही?”

“मला कुठे वाचता येतं. तुम्हीच वाचा.”

“अमेनवाह,” त्यानं छाती काढून वाचलं.

“सगळ्यांनी ऐकलं ना? म्हणजे हे नाक तुमचं.” आणि तिनं गोळा उचलला.

अंगणात सगळे जागच्या जागी थिजले. पुतळ्याचं नाक गेलं की श्वास गेला. ज्याचं नाव वर असेल तो परलोकात कायमचा गुदमरणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

“देवळाच्या वस्तूला हात लावलास तर नाक-कान कापतात,” अमेनवाह ओरडला.

“कापा. आधी तुमचं जाईल, मग माझं.” पहारेकरी पुढे सरकले. “या की. तुम्ही पोचेपर्यंत हात खाली येईल.”

पहारेकरी थांबले. आणि कारभाऱ्याचा हात आपोआप वर गेला, त्यानं स्वतःचं नाक झाकलं. नाक मुठीत धरणं म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. पहिली हसले ती मी. मग सगळं अंगण हसलं.

“तो मी नाही,” तो मुठीआडून म्हणाला.

“मग कोण?”

“तुझा नवरा.”

“नवऱ्याला नाव आहे.”

“पेनबुई.”

“देवीला ऐकू गेलं नाही.”

“पेनबुई!”

देवीपुढे, भर सणात, स्वतःच्या तोंडानं. आता गिळणार कसं ते? नाखी कुणी न सांगता घरी गेला, छिन्नी घेऊन आला आणि कारभाऱ्यादेखतच माझ्या भावाचं नाव पुन्हा कोरायला बसला. उद्या आणखी कुणी येईल, पुन्हा नाव खोडेल, एखाद्या दिवशी नाकही फोडेल. येऊ दे. त्या दिवशी तरी माझ्या भावाचं घर आम्ही सोडलं नाही.

परतताना मी विचारलं, “वहिनी, गोळा खरंच मारला असतास? आत आपला पेनबुई होता.”

“मारला असता.”

“मग तो कुठे गेला असता ग?”

ती थांबली. “कुठेच नाही, वन्सं. पण कुणी अमेनवाह म्हणून हाक मारली असती आणि माझा माणूस त्याला ओ द्यायला लागला असता, तर?”

ती वाटेतच मटकन खाली बसली आणि माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. मी तिच्या हातातला गोळा घ्यायला गेले, पण तो काही तिनं दिला नाही.