जुन्या नावाचं रिकामं पॅकेज

समजा, तुम्हाला एक ब्राउझर-संच बांधायला दिलाय. बनवायचा नाही, घाबरू नका. बनवणारे हुशार लोक वेगळे. इंटरनेट पाहायचं, मेल लिहायचे, पत्ते ठेवायचे, सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये आहे. तुम्ही तो लिनक्स या फुकट प्रणालीवर एका झटक्यात बसेल असा बांधून द्यायचा; या गाठोड्याला म्हणतात पॅकेज. त्यासाठी टेलिफोनच्या तारेवरून थेंब थेंब कोड उतरवा, मग घरचा कॉम्प्युटर दिवसभर दळत ठेवा. दळण संपत आलं की भारनियमन. वीज आली की पुन्हा पहिल्यापासून. पगार शून्य. असलं काम आपणहून कोण मागून घेईल?

इंदिरानगरच्या हर्षल शेवाळेनं घेतलं.

साल २००६. अंबडच्या एका कारखान्यात हर्षल कॉम्प्युटर सांभाळायचा, म्हणजे बहुतेक वेळ प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढायचा. जगभरचे हौशी लोक मिळून लिनक्सचा एक अवतार फुकट वाटत. त्यातला जुना ब्राउझर-संच बंद पडला होता आणि त्याच्या जागी नव्या नावाचा यायचा होता. पॅकेज वेळेत मंजूर झालं, तर बांधणारा म्हणून हर्षलचं नाव नव्या आवृत्तीत जाणार होतं. नाही झालं, तर आवृत्ती त्याच्याविना निघणार होती. पठ्ठ्यानं मंजुरीआधीच पेढे सोडून बाकी सगळा गाजावाजा करून ठेवलेला. मनमाडच्या मामांची तर समजूत झाली होती, की इंटरनेट आता आपला भाचाच चालवतो.

पॅकेज वापरून बघायला त्याच्याकडे एकच माणूस होतं, आई. थोरली स्नेहल लग्न होऊन मस्कतला गेल्यापासून लताबाई जुन्या संचात तिचे मेल वाचायला शिकल्या होत्या. हर्षलनं ऐटीत नवा संच बसवला आणि जुन्याचं नावनिशाण पुसून टाकलं.

"हर्षल, ज्याच्यावर टिचकी मारायची ते चित्र कुठं गेलं रे? अन् स्नेहलची पत्रं?"

"पत्रं आहेत गं, जुन्या कप्प्यात. नवा प्रोग्रॅम नव्या कप्प्यात बघतो."

"मग त्याला सांग की जुन्यात बघायला!"

"आई, नाव बदललं की जुनं विसरायचं. तुझं नाही का लग्नात बदललं? ताटात तांदळावर नाव लिहिलं, मैनाची लता झाली. विषय संपला."

उदाहरण त्याला इतकं चपखल वाटलं, की पॅकेजला मंजुरी देणाऱ्या जर्मनीतल्या सरांना ते इंग्रजीत कसं सांगावं, हेही तो मनात जुळवू लागला.

"संपला?" लताबाईंनी कमरेवर हात ठेवले. "म्हणून परवा माझ्या नवसा मावशीला राँग नंबर म्हणालास व्हय? म्हातारी 'मैना हाय का' विचारत होती. घाबरून शेवटी शेजारी फोन केला तिनं. म्हणाली, मैनाला काय झालं?"

हर्षलला आठवलं. कोड उतरवायला लाइन मोकळी हवी होती. "इथं मैना कुणी राहत नाही," असं त्यानं ठणकावून सांगितलं होतं.

"मला वाटलं..."

"माहेरचं कुणी मैना म्हणलं तर मी ओ देते. लग्न झालं म्हणून बहिरी नाय झाले."

हर्षलनं मान वळवून पडद्याकडे पाहिलं. त्याचं पॅकेज हेच तर करत होतं! ज्यांच्याकडे जुना संच होता, त्यांचे कॉम्प्युटर नवी प्रत जुन्याच नावानं मागणार. आणि हर्षल शेवाळे साऱ्या जगाला राँग नंबर सांगणार. बांधणारा म्हणून नाव झळकलं असतं, ते यासाठी.

आधी त्यानं मावशीला फोन करून बोलणी खाल्ली. मग जुन्या नावाचं एक रिकामं पॅकेज बांधलं. त्यात काहीच नव्हतं. कुणी ते मागितलं की ते नव्याला बोलावून आणायचं, एवढंच. जुन्या कप्प्यातली पत्रं पहिल्याच वेळी नव्यात यावीत, अशी सोयही केली. स्नेहलची पत्रं दिसली, तेव्हा लताबाई म्हणाल्या, "हे आधी करायला काय झालं होतं?"

मुदत संपायच्या आदल्या दिवशी जर्मनीहून दोन ओळी आल्या. पॅकेज मंजूर. रिकामं पॅकेज पुढच्या आवृत्तीपर्यंत ठेवा, मग काढून टाका.

हर्षलनं पेढे आणले, मामांना कळवलं, स्वतःचं नाव पडद्यावर चारदा वाचलं. आणि पेढा तोंडात असतानाच जर्मनीला एक मेल लिहिला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही: ज्यांच्याकडे नेटच नाही, जे दोन आवृत्त्या सोडून थेट तिसरी कुणाकडून तरी सीडी मागून बसवतात, त्यांच्या कॉम्प्युटरनं रिकामं पॅकेज काढल्यावर जुनं नाव घेतलं, तर ओ कोण देणार?